अँड्र्यू हिगिन्स व त्याची किनाऱ्यास लागणारी नाव

कोंकणच्या बंदरांतून आगबोटी चालत असत त्या काळीं ज्यांनीं मुंबईपासून घरापर्यंत जलप्रवास केला, अशा वृद्ध मंडळींकडून एक हकीकत आम्हीं अनेकदां ऐकली आहे. आगबोट किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यांत नांगर टाकून उभी राही. तिच्याजवळ पडाव येत. लाटांबरोबर वरखालीं होणाऱ्या त्या पडावांत बायकामुलें, वळकट्या व ट्रंका उतरवितांना भल्याभल्यांची त्रेधा उडे. पुढें पडाव पुळणीजवळ आला कीं तोही वाळूंत रुते. आणि मग उरलेली वाट कोणी खलाशाच्या खांद्यावर बसून, तर कोणी धोतर वर खोचून पाण्यांतून चालत पुरी करी. शेंकडों मैलांचा समुद्र सुखानें कापून आलेल्या माणसास शेवटचे शंभर हात रडवीत, तें असें. मोठ्या जहाजास खोल पाणी पाहिजे, आणि किनारा तर बोलून चालून उथळ; या दोहोंमध्यें जो अरुंद पट्टा राहतो, तो कसा ओलांडावा, हा दर्यावर्दी लोकांचा फार जुना प्रश्न आहे. धक्का बांधलेला असेल तर तो सुटतो. पण धक्का नसेल तर? किंवा धक्का आहे, पण त्यावर शत्रूच्या तोफा आहेत, असें असेल तर?

दुसऱ्या महायुद्धांत या प्रश्नावर लाखों माणसांचे प्राण अवलंबून होते. त्याचें एक उत्तर ज्यानें शोधिलें, तो कोणी दर्यासारंग किंवा सेनापति नव्हता. तो लांकडाचा व्यापारी होता. त्याचें नांव अँड्र्यू जॅक्सन हिगिन्स. त्याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

हिगिन्सचा जन्म २८ ऑगस्ट १८८६ रोजीं अमेरिकेच्या नेब्रास्का संस्थानांत कोलंबस या गांवीं झाला. नकाशा काढून पाहिल्यास हें गांव त्या खंडाच्या अगदीं मध्यभागीं, दोन्ही महासागरांपासून हजार मैलांहून अधिक दूर असलेलें दिसेल. त्याचे वडील वकील होते; पण मुलगा सात वर्षांचा असतांनाच ते वारले, आणि पुढें हें कुटुंब त्याच संस्थानांतील ओमाहा शहरीं राहूं लागलें. समुद्र न पाहिलेल्या या मुलाला नावांचें वेड कोठून लागलें, हें सांगणें कठिण आहे. असें सांगतात, कीं त्यानें घराच्या तळघरांत एक होडी बांधली, आणि ती पुरी झाल्यावर त्याच्या ध्यानांत आलें, कीं ती दारांतून बाहेर निघत नाहीं. तेव्हां भिंतीचा भाग पाडून ती बाहेर काढावी लागली. ही गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, पुढील आयुष्यांतला हिगिन्स तींत पुरता दिसतो.

शाळेच्या बाबतींत मात्र आम्हांस थोडें जपून लिहिलें पाहिजे. ओमाहा येथील क्रेटन या विद्यालयांत त्यानें तीन वर्षें काढिलीं, आणि मारामारीबद्दल त्यास तेथून काढून टाकण्यांत आलें. शाळेच्या वार्षिकांत असल्या विद्यार्थ्याचें चरित्र छापावें कीं नाहीं, याविषयीं वाचकांत मतभेद होईल हें आम्ही जाणतों. पण खरें तें सांगितलेंच पाहिजे. त्यानंतर तो नेब्रास्काच्या स्वयंसेवक सैन्यांत दाखल झाला. त्या सैन्याच्या कवायती प्लॅट नदीवर होत. प्लॅट ही रुंद पण अतिशय उथळ नदी. तिच्या पात्रांत जागोजाग वाळूचे दांडे. शिपायांना नावांत घालून अशा पाण्यावरून पैलतीरीं कसें न्यावें, याचा पहिला धडा त्याला तेथें मिळाला. शाळेनें न शिकविलेली विद्या त्याला नदीनें शिकविली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

सन १९०६ मध्यें तो दक्षिणेकडे अलाबामा संस्थानांतील मोबील बंदरीं जाऊन लांकडाच्या धंद्यांत पडला. दोन वर्षांनीं त्याचा विवाह झाला. सन १९१० मध्यें तो न्यू ऑर्लिन्स शहरीं एका लांकूड-कंपनीचा व्यवस्थापक म्हणून आला, आणि सन १९२२ मध्यें त्यानें स्वतःची कंपनी काढिली. फिलिपाइन्स, मध्य अमेरिका व आफ्रिका येथून कठिण लांकूड आणावें, आणि इकडचें सायप्रस व पाइन बाहेर पाठवावें, असा हा व्यापार होता. माल वाहण्यास त्यानें शिडाचीं जहाजें घेतलीं. जहाजें दुरुस्त करण्यास गोदी उभारली. आणि गोदी आहे तर नावाही कां बांधूं नयेत, म्हणून नावा बांधूं लागला. नौकारचनेचा अभ्यासक्रमही त्यानें टपालानेंच पुरा केला. मंदीच्या लाटेंत लांकडाचा व्यापार बुडाला. पण सन १९३० मध्यें त्यानें हिगिन्स इंडस्ट्रीज या नांवानें नवी कंपनी उभी केली, आणि नावा बांधणें हाच त्याचा मुख्य धंदा झाला.

येथें न्यू ऑर्लिन्सच्या आसपासच्या प्रदेशाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण हिगिन्सची नाव त्या मातींतून, किंबहुना त्या चिखलांतून, जन्मास आली. मिसिसिपी नदी समुद्रास मिळते तेथें कोसचे कोस दलदल पसरली आहे. खाड्या, डबकीं, बुडालेले वृक्ष, पाण्यांत तरंगणारे ओंडके, आणि पंख्यास गुंडाळून इंजिन बंद पाडणाऱ्या वेली, असा तो मुलूख. येथें सापळे लावून जनावरांचीं कातडीं मिळविणारे लोक हिंडत, आणि जमिनींतील तेल शोधणारे लोक हिंडत. त्यांना हवी होती अशी नाव, कीं जी हातभर पाण्यांत चालेल, ओंडक्यावर आदळली तरी फुटणार नाहीं, आणि चिखलाच्या कांठावर चढून पुन्हां आपण होऊन मागें सरकेल. सन १९२६ च्या सुमारास हिगिन्सनें तशी नाव काढिली व तिला युरेका हें नांव दिलें. पुढें अनेक वर्षें तो तींत सुधारणा करीत राहिला.

या नावेची रचना ध्यानांत घेण्याजोगी आहे. तिचें पुढचें टोंक धारदार नव्हतें. तें चमच्यासारखें वर उचललेलें व गोलाकार होतें, आणि त्याच्या अग्रभागीं पाइनच्या लांकडाचा एक अखंड ठोकळा बसविलेला होता. नावेचा सर्वांत बळकट भाग तोच. त्यामुळें ती भर वेगानें कांठावर जाऊन आदळली तरी तिच्या अंगास धक्का पोंचत नसे. मागल्या बाजूस तळाला पन्हळीसारखा खोलगट भाग ठेवून त्यांत पंखा व त्याचा दांडा दडविलेला होता. म्हणजे खालून वाळू लागो वा ओंडका लागो, पंखा सुरक्षित. शिवाय तळाला जो बांक दिला होता, त्यामुळें तरंगणारा कचरा व फेंसाळ पाणी बाजूस लोटलें जाऊन पंख्याकडे निर्मळ पाणी येई. नाव कांठाला लागे तेव्हां तिचें पुढचें अंग तेवढें जमिनीवर चढे. मागचें अंग पाण्यांतच तरंगत राही. आणि इंजिन उलटें फिरविलें कीं ती परत निघे.

हें परत निघणें फार महत्त्वाचें होय. किनाऱ्यावर जाऊन आपटण्यास कोणतीही नाव समर्थ असते; ओहोटी लागली कीं तिचें काय होतें हें कोंकणांतल्या कोणत्याही तांडेलास विचारावें. जी नाव जाऊन परत येते, तीच दुसरी खेप करूं शकते. जी दुसरी खेप करूं शकत नाहीं, ती पहिल्या खेपेच्या लोकांना शत्रूच्या तोंडीं एकटें सोडून देते.

आतां आपण सैनिकांकडे वळूं. पहिल्या महायुद्धांत, २५ एप्रिल १९१५ रोजीं, दोस्त सैन्य तुर्कस्तानांतील गॅलिपोली येथें उतरलें, तें बहुतेक जहाजांच्या साध्या होड्यांतून. आगनौका त्यांना ओढीत किनाऱ्याजवळ आणीत, आणि शेवटचा टप्पा वल्हीं मारून काटावा लागे. होडी लागली कीं शिपायांनीं पाठीवरच्या ओझ्यासकट तिच्या कडेवरून पाण्यांत उड्या टाकावयाच्या; आणि तेवढ्या वेळांत टेकडीवरच्या बंदुका थांबत नव्हत्या. ती मोहीम फसली, आणि उघड्या किनाऱ्यावर शत्रूसमोर सैन्य उतरविणें हें वेडेपणाचें होय, असें पुष्कळ युद्धपंडितांचें मत बनलें. अमेरिकेच्या मरीन दलांतील कांहीं अधिकाऱ्यांना मात्र तसें वाटेना. पॅसिफिक महासागरांत एक दिवस बेटामागून बेट जिंकावें लागेल हें त्यांनीं ओळखिलें होतें, आणि ते योग्य नावेच्या शोधांत होते.

सन १९३८ मध्यें युरेकाची पाहणी झाली व पुढील सालच्या सरावांत तिनें आपले गुण दाखविले. मरीन दलाचे लोक खूष झाले. पण नावा विकत घेण्याचा अधिकार त्यांचा नव्हता. तो वॉशिंग्टन येथील नौदलाच्या बांधकाम-खात्याचा होता, आणि त्या खात्यानें स्वतःच एक नाव योजिली होती. आपल्या कचेरींत शिकलेल्या तज्ज्ञांनीं काढिलेला आराखडा सोडून दलदलींत नावा विकणाऱ्या एका उर्मट लांकूडवाल्याची नाव घ्यावी, हें त्यांना रुचेना. जहाजांवर नावा टांगण्याच्या आकड्या ३० फुटांच्या होत्या, म्हणून नाव ३० फुटांचीच पाहिजे, असा त्यांचा एक हट्ट. हिगिन्स म्हणे, काम नीट व्हावयाचें तर नाव ३६ फूट पाहिजे, आकड्या बदला. त्यानें आपल्या खर्चानें ३६ फुटांची नाव बांधून दाखविली, आणि अखेर आकड्याच बदलाव्या लागल्या. हा मनुष्य गोड बोलणारा नव्हता. त्याची जीभ तिखट होती, राग नाकावर होता, आणि तो मद्यपीही होता. त्याच्या शत्रूंपैकीं निम्मे तरी त्यानें आपल्या तोंडानें मिळविले असावेत असें आम्हांस वाटतें. तथापि नावेच्या बाबतींत तो बरोबर होता, आणि कचेरी चूक होती.

तरी युरेकेंत एक उणीव होतीच. तींतून उतरणाऱ्या शिपायास अजूनही कडेवरून उडीच मारावी लागे. ही उणीव कशी दूर झाली ती हकीकत मनोरंजक आहे. सन १९३७ मध्यें जपानी सैन्य चीनमध्यें शांघायजवळ उतरत असतां व्हिक्टर क्रुलॅक नांवाचा मरीन दलांतील एक तरुण लेफ्टनंट तेथें होता. त्यानें पाहिलें, कीं जपानी नावांचें पुढचें तोंड चौकोनी असून तें फळीसारखें खालीं पडतें, आणि त्या फळीवरून माणसें व गाड्या सरळ जमिनीवर उतरतात. त्यानें दूरदर्शी भिंगाच्या कॅमेऱ्यानें चित्रें घेऊन अहवालासह वॉशिंग्टनला पाठविलीं. पुढें तो स्वतः परत आल्यावर चौकशी करूं लागला, तों तो अहवाल एका कपाटांत धूळ खात पडलेला आढळला. हा चीनमधल्या कोणा वेड्याचा उद्योग आहे, अशा अर्थाचा शेरा कोणीसा त्यावर मारून ठेविला होता. क्रुलॅक स्वस्थ बसला नाहीं. अखेर सन १९४१ मध्यें तें चित्र हिगिन्सच्या हातीं आलें. हिगिन्सनें तें पाहिलें मात्र, आणि लगेच आपल्या कारखान्यांतील मुख्य अभियंत्यास टेलिफोन करून युरेकेचें तोंड कापून तेथें उघडणारी फळी बसविण्याचें काम सुरू करविलें. २६ मे १९४१ रोजीं न्यू ऑर्लिन्सजवळच्या पाँचरट्रेन सरोवरांत तिची परीक्षा झाली. नाव कांठास लागली, फळी पडली, माणसें धांवत बाहेर आलीं. शत्रूची कल्पना व दलदलीची नाव यांचा असा संयोग झाला.

याच सुमारास रणगाडे उतरविण्याच्या मोठ्या नावेचा प्रश्न निघाला. नौदलानें तीन दिवसांत आराखडा मागितला. हिगिन्सनें उत्तर केलें, कीं आराखडा कशाला, नावच देतों. आणि ६१ तासांत ती बांधून दिली. एवढें होऊनही खात्याचा आपल्या स्वतःच्या नावेचा मोह सुटेना. शेवटीं युद्धखर्चाची चौकशी करणाऱ्या सिनेट-समितीनें यांत लक्ष घातलें. तिचे अध्यक्ष होते हॅरी ट्रुमन, जे पुढें राष्ट्राध्यक्ष झाले. २५ मे १९४२ रोजीं नॉरफोकजवळ खवळलेल्या समुद्रांत दोन्ही नावांवर प्रत्येकीं ३० टनांचा रणगाडा चढवून शर्यत लावण्यांत आली. खात्याची नाव पाणी घेऊं लागली व बुडतां बुडतां वांचली; हिगिन्सची नाव किनाऱ्यावर जाऊन रणगाडा उतरवून परत आली. ट्रुमनसमितीनें खात्याची कडक शब्दांत हजेरी घेतली, आणि वाद मिटला.

फळी असलेली जी लहान नाव सर्वत्र हिगिन्स बोट म्हणून ओळखली गेली, तिची लांबी ३६ फूट ३ इंच व रुंदी १० फूट १० इंच होती. अंग प्लायवुडचें, सांगाडा ओक, पाइन व महोगनीचा, आणि पुढची फळी पोलादाची. ती भरली असतां पुढें सुमारें सव्वादोन फूट व मागें तीन फूट पाण्यांत बसे. २२५ अश्वशक्तीचें डिझेल इंजिन तिला ताशीं १२ सागरी मैलांपर्यंत नेई. चालविण्यास चार माणसें. तींत ३६ शिपाई मावत. नाहीं तर एक जीप मोटार व १२ शिपाई. नाहीं तर ८,१०० पौंड माल. मोठीं जहाजें किनाऱ्यापासून कांहीं मैलांवर उभीं राहत. शिपाई दोरांच्या जाळ्यांवरून खालीं नावेंत उतरत. नावा वर्तुळाकार फिरत एकमेकींची वाट पाहत. आणि मग रांग धरून किनाऱ्याकडे निघत. परत येतांना त्या रिकाम्या येत नसत. जखमी माणसें त्यांतूनच इस्पितळजहाजांकडे नेलीं जात. पुढील दिवसांत दारूगोळा, पाणी, धान्य, औषधें, तारांचीं भेंडोळीं, सर्व याच नावांतून किनाऱ्यावर आलें. एवढ्या मोठ्या कामास शिकलेले लोक कोठून आणावे? तर हिगिन्सनें सन १९४१ मध्यें न्यू ऑर्लिन्स येथें नाव हांकण्याची व इंजिन सांभाळण्याची एक शाळाच काढिली, आणि हजारों खलाशी तींतून तयार झाले. ज्याला शाळेनें काढून टाकिलें, त्यानें शाळा काढिली, याची नोंद आमच्या वाचकांनीं घ्यावी.

सन १९३८ मध्यें त्याच्या कारखान्यांत जेमतेम ७५ कामकरी होते. सन १९४३ मध्यें २०,००० हून अधिक झाले. युद्धकाळांत त्यानें २०,०९४ नावा बांधिल्या. पण आम्हांस या आंकड्यांपेक्षां दुसरी एक गोष्ट मोठी वाटते. त्या काळीं न्यू ऑर्लिन्समध्यें काळ्या व गोऱ्या लोकांचीं बसावयाचीं आसनें वेगळीं, शाळा वेगळ्या, पाणी पिण्याचे नळही वेगळे. अशा शहरांत हिगिन्सच्या कारखान्यांत काळे व गोरे, पुरुष व स्त्रिया, वृद्ध व अपंग, सर्वांस काम मिळे, आणि एकाच दर्जाच्या कामास एकच वेतन मिळे. हें त्यानें केवळ परोपकारबुद्धीनें केलें असें आम्ही म्हणत नाहीं. माणसें कमी होतीं व नावा पुष्कळ हव्या होत्या, हेंही कारण होतेंच. परंतु गरज इतरांनाही होती, आणि सर्वांनींच तसें केलें नाहीं. आठवड्याच्या शेवटीं पगाराचें पाकीट उघडणाऱ्या काळ्या स्त्रीस त्यांतले पैसे शेजारच्या गोऱ्या कामकऱ्याइतकेच आढळले, तेव्हां मालकाचा हेतु काय होता हें तिनें विचारलें नसेल.

ऑगस्ट १९४२ मध्यें ग्वादलकॅनाल, नोव्हेंबरांत उत्तर आफ्रिका, पुढील वर्षीं सिसिली व सालेर्नो, असे या नावांचे प्रवास झाले. सर्वच ठिकाणीं यश मिळालें असें नाहीं, आणि एका ठिकाणची हकीकत सांगितल्यावांचून हें चरित्र प्रामाणिक होणार नाहीं.

२० नोव्हेंबर १९४३ रोजीं मरीन दल पॅसिफिक महासागरांतील तारावा कंकणद्वीपांतल्या बेटिओ बेटावर उतरावयास गेलें. या बेटाभोंवतीं प्रवाळाचा खडक आहे. त्यावर भरतीच्या वेळीं पुरेसें पाणी येईल असा हिशेब होता. पण ते दिवस भांगाचे होते. भरती चढलीच नाहीं. ज्या नावेस तीन ते चार फूट पाणी पाहिजे, ती तीन फुटांहून कमी पाण्यांत कशी जाणार? नावा खडकावर अडकल्या. फळ्या पडल्या, आणि शिपाई किनाऱ्यापासून कित्येक शें यार्डांवर पाण्यांत उतरले. बंदुका डोक्यावर धरून, छातीभर व कोठें कोठें गळ्यापर्यंत पाण्यांतून, जपानी यंत्रतोफांच्या माऱ्यांत ते चालत निघाले. तीन दिवसांच्या त्या लढाईंत सुमारें एक हजार मरीन शिपाई कामास आले. जपानी व त्यांनीं आणिलेले कोरियन मजूर मिळून साडेचार हजारांवर माणसें मेलीं; जिवंत फार थोडीं राहिलीं. त्या दिवशीं खडक ओलांडून गेल्या त्या पट्ट्यांवर चालणाऱ्या जल-स्थल गाड्या. त्या मुळांत डोनाल्ड रोब्लिंग नांवाच्या गृहस्थानें फ्लोरिडाच्या दलदलींत वादळग्रस्तांस सोडविण्यासाठीं निर्मिल्या होत्या. म्हणजे हिगिन्सला जें साधलें नाहीं, तें दुसऱ्या एका दलदलीनें साधिलें. तारावानंतर अशा गाड्या पुष्कळ वाढविण्यांत आल्या.

६ जून १९४४ रोजीं फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरलें. त्यापूर्वीं ऑगस्ट १९४२ मध्यें दिएप बंदरावर हल्ला करून पाहिला असतां, मुख्यतः कॅनडाच्या सैन्याची भयंकर हानि झाली होती. बंदर सरळ हल्ल्यानें हातीं येत नाहीं हें त्या दिवशीं कळलें. म्हणून बंदराशिवाय, उघड्या पुळणीवर, एका दिवसांत दीड लाखाच्या आसपास माणसें फ्रान्समध्यें पोंचवावयाची, असा बेत ठरला. त्यांतलीं कांहीं विमानांतून, पण बहुतेक सर्व समुद्रावरून. त्या पहाटे समुद्र खवळलेला होता. नावेंत उभे असलेले शिपाई भिजलेले, कुडकुडलेले, ओकाऱ्यांनीं बेजार झालेले होते. हजाराहून अधिक हिगिन्स बोटी त्या दिवशीं तेथें होत्या. ब्रिटिशांच्या स्वतःच्या बनावटीच्या नावाही बरोबरीनें होत्या, आणि त्यांचें श्रेय हिगिन्सला देणें योग्य होणार नाहीं. ओमाहा या सांकेतिक नांवाच्या पुळणीवर सर्वांत मोठी हानि झाली. दोन हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक तेथें मेले, जखमी झाले वा हरवले. आपल्या बाळपणींच्या शहराचें नांव त्या किनाऱ्यास मिळालेलें पाहून हिगिन्सच्या मनांत काय आलें असेल?

या ठिकाणीं आमची लेखणी क्षणभर अडखळते. ज्या फळीनें शिपायास कडेवरून उडी मारण्याच्या संकटांतून सोडविलें, तीच फळी पडली म्हणजे समोरच्या यंत्रतोफेस नावेचें सारें पोट उघडें पडे. पहिल्या रांगेंतले शिपाई कित्येकदां एक पाऊलही न टाकतां पडले. मग ही नाव प्राण वांचविणारी कीं घेणारी? आम्हीं यावर पुष्कळ विचार केला. किनाऱ्यावर जावें असें नावेनें ठरविलेलें नव्हतें. आणि जावयाचेंच होतें, तर कडेवरून एकेक करून उतरण्यास लागणारीं मिनिटें हीं फळीवरून धांवण्यास लागणाऱ्या क्षणांहून अधिक घातक होतीं. आणि नाव परत जाई. दुपारपर्यंत त्या पुळणीवर जे तग धरून राहिले, त्यांच्या मदतीस दुसरी, तिसरी, चौथी तुकडी आली, ती त्या परत गेलेल्या नावांतूनच. नॉर्मंडीच्या स्वारीचे सरसेनापति आयझेनहॉवर यांनीं पुढें सन १९६४ मध्यें अँब्रोज नांवाच्या इतिहासकाराजवळ बोलतांना, हें युद्ध जिंकून देणारा मनुष्य म्हणून हिगिन्सचा उल्लेख केला; त्याच्या नावा नसत्या तर उघड्या पुळणीवर उतरणें शक्य झालें नसतें, असें त्यांचें कारण होतें. सेनापतीनें कारागिराला एवढा मान दिल्याचें उदाहरण विरळा.

मार्च १९४५ मध्यें या नावा समुद्रापासून दूर, जर्मनींतील ऱ्हाइन नदीवर दिसल्या. त्यांना प्रचंड मोटारगाड्यांवर लादून रस्त्यानें तेथवर आणिलें होतें; वाटेंतल्या गांवांच्या अरुंद रस्त्यांतून त्या नेतांना मोठी अडचण पडली. पूल मोडलेले असतां सैन्य व सामान पैलतीरीं नेण्याचें काम त्यांनीं केलें. प्लॅट नदीवरच्या कवायतींत सुरू झालेली गोष्ट अशी पुन्हां नदीवरच येऊन पोंचली.

युद्ध संपतांच नौदलाच्या मागण्या थांबल्या. कामकऱ्यांच्या संघांशीं हिगिन्सचा तंटा लागला, संप झाला, आणि सन १९४५ च्या अखेरीस त्यानें कारखाने बंद केले. जुनी कंपनी मोडीत काढून नवी काढिली. सहलीच्या नावा बांधिल्या, आणखीही नवे नवे धंदे करून पाहिले. पण पूर्वीचा जोर आला नाहीं. तत्पूर्वींही त्याचे कांहीं मोठे बेत फसले होते. सन १९४२ मध्यें २०० मालवाहू जहाजें बांधण्याचें काम सरकारनें त्याला दिलें व पोलादाचा तुटवडा म्हणून कांहीं महिन्यांतच काढून घेतलें. फळी असलेल्या नावेच्या पेटंटासाठीं त्यानें ८ डिसेंबर १९४१ रोजीं, म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, अर्ज केला होता. तें त्यास फेब्रुवारी १९४४ मध्यें मिळालें. १ ऑगस्ट १९५२ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें वयाच्या ६५ व्या वर्षीं त्याचा अंत झाला.

त्यानंतर बरींच वर्षें त्याचें नांव फारसें कोणी काढीत नसे. सर्व कारखान्यांत मिळून या जातीच्या तेवीस हजारांवर नावा बांधल्या गेल्या होत्या. पण प्लायवुड कुजतें. युद्धानंतर कांहींनीं मासेमारी केली, कांहीं तरीवर चालल्या, आणि बाकीच्या किनाऱ्याकिनाऱ्यानें मोडून गेल्या. मूळच्या आतां फार थोड्या उरल्या आहेत. सन २००० च्या जूनच्या ६ तारखेस न्यू ऑर्लिन्समध्यें त्या युद्धाचें मोठें संग्रहालय उघडलें. तें याच शहरीं कां, असें विचारणाऱ्यास अँब्रोज हिगिन्सच्या कारखान्यांकडे बोट दाखवीत.

कोलंबस गांवींही त्याचें स्मारक आहे. तें उभारण्यांत तेथल्या एका शाळेंतील इतिहासाच्या शिक्षकांनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं पुढाकार घेतला. लूप नदीजवळच्या बागेंत हिगिन्स बोटीची एक प्रतिकृति ठेविली आहे. तिची फळी खालीं पडलेली असून धातूचे शिपाई तींतून उतरत आहेत. ज्या ज्या पुळणीवर या नावा लागल्या, त्यांपैकीं कित्येक ठिकाणची वाळू आणून तेथें ठेविली आहे.